अमावास्येचा पासपोर्ट

१

गळ्यात अडकवायच्या कापडी पाकिटातून पासपोर्टऐवजी 'मुहूर्त कशाला?' ही पुस्तिका निघाली, तेव्हा धनश्री गुंजाळ आधी हसली. मग तिनं पाकीट उलटं करून झटकलं, आतलं अस्तर बाहेर ओढलं आणि दिवाणावर मटकन बसली. चाकांची बॅग ओढत नुकतीच दारात आलेल्या यशोधरा भालेरावनं हे उंबऱ्यातूनच पाहिलं आणि तिच्या तोंडून एक शिवी निसटली. फौजदार म्हणून निवृत्त झालेल्या बाईच्या तोंडी ती फारशी वाईटही वाटली नाही.

संगमनेरात ऊन तापायला लागलं होतं. खाली मुंबईसाठी भाड्यानं ठरवलेली तौफिकची गाडी उभी होती. दुपारपर्यंत निघायचं, रात्री मुंबईहून विमान, तिथून पुढे दोन विमानं बदलून नॉर्वेच्या वरच्या टोकाला. तिथं शंभरेक माणसांचं एक लहानसं जहाज उभं असणार होतं. मोठ्या बोटी जिथं शिरत नाहीत अशा खाड्यांतून ते उत्तरेकडे जाणार, आणि आकाशात हिरवा उजेड दिसला की कप्तान कर्ण्यावरून सगळ्यांना डेकवर बोलावणार. या कर्ण्याचं वर्णन धनश्रीनं प्रवरेकाठी फिरताना इतक्यांदा केलं होतं, की यशोधराला तो स्वप्नातसुद्धा ऐकू यायचा.

धनश्री भूगोलाची शिक्षिका. ध्रुवीय प्रकाशाचा धडा आला की ती फळ्यावर हिरव्या खडूनं पडदे काढायची. "बाई, तुम्ही बघितलाय का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि दरवर्षी तिला "नाही" म्हणावं लागायचं. निवृत्त झाल्यावर तिनं ठरवलं, की आता बघायचाच. यशोधराला तिनं ओढलं, दोघींनी मिळून एक केबिन घेतली. जहाज कुणासाठी थांबत नाही हे कंपनीनं तीनतीनदा बजावलं होतं. आणि धनश्री नसेल तर यशोधरा एकटी जाणार नव्हती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

"शेवटचा कधी पाहिलास?" यशोधरानं विचारलं.

"काल संध्याकाळी. तौफिक बॅगांच्या वजनाला काटा घेऊन आला होता ना, तेव्हा मी पाकीट चाचपलं."

"चाचपलंस की उघडलंस?"

धनश्रीनं पाकिटाचं अस्तर आत ढकललं. "चाचपलं," ती म्हणाली. "उघडलं होतं परवा."

यशोधरानं कपाळाला हात लावला. नोकरीभर हेच ऐकलं होतं. लोक कुलूप चाचपतात, दागिने चाचपतात, उघडून कुणी बघत नाही. पुस्तिका पासपोर्टएवढीच होती. खिशात मावावी म्हणून धनश्रीच्या नवऱ्यानं, हनुमंतसरांनी, ती मुद्दाम तशी छापून घेतली होती. शकुन-अपशकुनांची टर उडवणारी ती पुस्तिका सगळ्या तालुक्यात वाटून झाली होती आणि या घरात तर पावलापावलावर सापडायची.

"आत्ता का उघडलंस मग?"

"व्हिसाच्या पानाचा फोटो कल्याणला पाठवायचा होता." कल्याण म्हणजे तिचा पुण्याला असलेला मुलगा. "नाहीतर मी तशीच गळ्यात घालून निघाले असते, यशू. आणि विमानतळावर..."

ते वाक्य तिला पुरं करवेना. यशोधराला मात्र ते पुरं दिसत होतं. ज्यानं पासपोर्ट घेतला त्यानं जाडी जुळवून दुसरं काहीतरी ठेवलं होतं. निघेपर्यंत कळू नये, अशी सोय केली होती. चोरीपेक्षा हा दुष्टपणा जास्त वाटत होता, आणि तो घरातल्याच माणसाचा होता.

२

हनुमंतसर गॅलरीत फोन लावत होते. यशोधरा जवळ गेली तेव्हा फोनमधली बाई सांगत होती, की आपण संपर्क करू इच्छिता ती व्यक्ती कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. सरांनी फोन घाईघाईनं खिशात टाकला.

"कुणाला लावत होतात, सर?"

"कुणाला नाही. एक जुना विद्यार्थी."

"आज? या गोंधळात?"

"ताई, तुम्ही आता माझी उलटतपासणी घेणार का?" सर विज्ञानाचे शिक्षक, आवाज वर्गातला. मात्र कपाळावर घाम होता, आणि गॅलरीत तर सावली होती.

"घेणार," यशोधरा म्हणाली. "घ्यायची अजिबात इच्छा नाही. मला आज जाड मोजे बॅगेत नीट बसतात का, एवढीच काळजी करायची होती. पण पासपोर्ट गेलाय आणि तुम्ही या प्रवासाच्या विरोधात होतात, हे सगळ्या सोसायटीला माहीत आहे."

"विरोधात म्हणजे? सूर्याकडून येणारे कण वातावरणावर आदळतात, उजेड पडतो. पुस्तकात सगळं दिलंय. त्यासाठी बर्फाच्या समुद्रात जायचं? मी एवढंच म्हणालो. पासपोर्टला मी कशाला हात लावू?"

"मग पोलिसांत तक्रार देऊ."

"नको!" सर इतक्या जोरात ओरडले, की खालच्या झाडावरचे कावळे उडाले. मग त्यांनी आवाज खाली आणला. "तक्रार करत बसलात तर विमान जाईल. मी काय म्हणतो, तुम्ही गाडीत बसा. वेळेवर निघा. पासपोर्ट सापडेल."

"कुठं सापडेल? वाटेतल्या टोलनाक्यावर?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं आणि नजर चटकन रस्त्यावर वळवली.

यशोधराचं डोकं फिरायला लागलं. बायकोला जाऊ द्यायचं नाही म्हणून ज्यानं पासपोर्ट लपवला, तो माणूस तक्रार नको म्हणेल, हे समजत होतं. पण तोच माणूस 'वेळेवर निघा' म्हणून मागं लागेल, हे कुठंच बसत नव्हतं. दाराशी पुस्तिकांचा एक गठ्ठा होता. काल सर तो घेऊन राजूरला व्याख्यानाला गेले होते. गठ्ठ्याची सुतळी जशीच्या तशी होती. सर व्याख्यानाला जातात आणि एकही पुस्तिका न वाटता परत येतात? या माणसानं स्वतःच्या मुलाच्या लग्नात अक्षतांऐवजी पुस्तिका वाटल्या होत्या.

३

स्वयंपाकघरात सृष्टी डब्यात पोळ्या भरत होती. सृष्टी म्हणजे कल्याणची बायको. ती घरातूनच कंपनीचं काम करायची आणि तिची लहान मुलगी दिवसभर आजीच्या अंगावर असायची.

"मावशी, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा," ती म्हणाली. "हो, मी आईंना म्हणाले होते की पुढच्या वर्षी जा. छकुली लहान आहे, माझं काम आहे, माझी ओढाताण होते. पण म्हणून मी पासपोर्ट चोरेन?"

"चोरलास का?"

"नाही." तिनं डब्याचं झाकण आपटलं. "आणि खरं सांगू? आई गेल्याच पाहिजेत. गेल्या आठवड्यात कॉलेजात जे झालं त्यानंतर तर गेल्याच पाहिजेत."

"काय झालं कॉलेजात?"

"बाबांचं व्याख्यान होतं. आम्ही दोघी पहिल्या रांगेत. आणि बाबांनी पुन्हा ती पुरचुंडीची गोष्ट सांगितली."

ती गोष्ट यशोधराला पाठ होती. नोकरीत असताना बंदोबस्ताला उभी राहून तिनंही ती ऐकली होती आणि हसलीही होती. धनश्रीचं नवीन लग्न झालेलं. शिक्षिकेची परीक्षा द्यायला ती माहेरहून पुण्याला जाणार, आणि जायचा दिवस नेमका अमावास्येचा. तिच्या आईनं आदल्या दिवशीच तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि लेकीची एक बांगडी अशी पुरचुंडी बांधली आणि वेशीवरच्या किराणा दुकानात नेऊन ठेवली. म्हणजे लेक चांगल्या दिवशीच निघाली असं धरायचं, आणि जाताना वाटेत ती पुरचुंडी उचलून घ्यायची. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. जावई तिथंच होता. तो दुकानात गेला, पुरचुंडी घरी घेऊन आला आणि चारचौघांत सोडून दाखवली. "सासूबाईंची लेक घरात, आणि तिचं प्रस्थान किराणा दुकानात!" इथं सर थांबायचे आणि सगळा मांडव खदखदून हसायचा.

"आई उठून निघून गेल्या," सृष्टी म्हणाली. "भर सभेतून. रिक्षात मला म्हणाल्या, माझी आई त्या दिवशी पदर तोंडाला लावून आत गेली, ती आम्ही निघेपर्यंत बाहेर आली नाही. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत. बोलतात ते फक्त भाजी काय करायची एवढंच."

यशोधराला तेव्हाचं स्वतःचं हसू आठवलं आणि सृष्टीनं पुढं केलेला चहा तिला उगाचच कडू लागला.

आतल्या खोलीत आक्काबाई बसल्या होत्या. हनुमंतसरांची ही थोरली बहीण बेलापूरहून खास निरोप द्यायला आली होती, आणि आल्यापासून निरोप सोडून बाकी सगळं बोलत होती.

"फौजदारीणबाई, म्या आधीच सांगितलं हुतं," त्या म्हणाल्या. "आवसंला कुनी घर सोडतं व्हय? बरं, दुसरी तारीख न्हवती असंबी न्हाई. दोन तारखा हुत्या. हिनं कॅलेंडर बघून मुद्दाम आवस धरली!"

ते खरंच होतं. चंद्र नसला की तो उजेड चांगला दिसतो, म्हणून धनश्रीनं अमावास्येच्या आसपासचीच फेरी निवडली होती.

"तुम्हाला ती जायला नको होती ना, आक्का?"

"नकोच हुती. आन् तसं म्या तिच्या तोंडावर बोलले. लपून करायचं माझ्या अंगात न्हाई, बाई."

संशयित तीन, आणि तिघांनीही कारण स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलेलं. यशोधराला वाटलं, यापेक्षा नोकरीत भेटलेले सराईत चोर बरे होते. ते निदान खोटं तरी बोलायचे.

४

ती खाली गाडीपाशी आली. तौफिक काच पुसत होता.

"मॅडम, काल मी आत फक्त काटा घेऊन आलो होतो," तो न विचारताच म्हणाला. "पाकिटाला हात लावला नाही. अल्ला शपथ."

"तुला कोण काय म्हणतंय? किती वाजता पोचू, ते सांग."

"सिन्नरवरून गेलो तर आरामात. पण सर ऐकत नाहीत ना. काल संध्याकाळपासून मागं लागलेत, राजूरवरूनच चल. अकोले, राजूर, बारीचा घाट, मग घोटी. उगाच वळणं."

"का म्हणे?"

"सिन्नरकडं उसाच्या ट्रॉल्या असतात म्हणे. मॅडम, ऊस तर अकोल्याकडून येतो! मी म्हणलं, सर, तुम्ही तर येणारबी नाही मुंबईला. तर म्हणाले, राजूरपर्यंत येतो. तिथं चहा पिऊ आणि मी एसटीनं परत येईन."

यशोधरा गाडीला टेकून उभी राहिली. काल राजूरला झालेलं, पण एकही पुस्तिका न वाटलेलं व्याख्यान. आज राजूरवरूनच जायचा हट्ट. पासपोर्टच्या जागी पुस्तिका, पण निघेपर्यंतच कळू नये अशी. मघापासून तिनं याचा अर्थ एकच लावला होता, की चोराला धनश्रीची विमानतळावर फजिती करायची होती. पण समजा तिला कळूच द्यायचं नव्हतं? समजा पासपोर्ट वाटेतच कुठंतरी तिची वाट बघत होता?

ती दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. गुडघे बोंबलले. थेट आक्काबाईंच्या समोर जाऊन तिनं धापा टाकत विचारलं, "आक्का, खरं सांगा. तुम्ही धनश्रीचं प्रस्थान ठेवलंत?"

आक्काबाईंनी तिच्याकडे खुळ्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

"म्या ठिवलं आसतं तर म्या सगळ्या गावाला सांगितलं नसतं का? त्यात लाज कसली?"

यशोधरा जागच्या जागी थबकली. बरोबर होतं म्हातारीचं. प्रस्थान ठेवण्यात आक्काबाईंना लाज नव्हती, शेजारणीला नव्हती, सगळ्या संगमनेरात कुणालाच नव्हती. एकच माणूस होता, ज्याला चोर म्हटलेलं चाललं असतं, पण हे म्हटलेलं चाललं नसतं.

बाहेरच्या खोलीत धनश्रीनं बॅग उघडली होती. ती लोकरी कपडे एकेक करून कपाटात परत लावत होती. कानटोपी, हातमोजे, एक जाड स्वेटर. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, आणि तेच यशोधराला बघवेना.

"राहू दे, यशू," ती म्हणाली. "तू जा. मला आता कंटाळा आलाय. या घरातून बाहेर पडायला एवढी झटापट करावी लागत असेल तर नकोच ते."

"बॅग भर," यशोधरा म्हणाली. "आणि गाडीत बस. सर, तुम्ही पुढं बसा. आपण राजूरवरून जातोय."

हनुमंतसरांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

५

अकोल्यापर्यंत खरोखरच उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी रांगत होती आणि तौफिक आरशातून 'बघा, मी म्हणलो होतो' अशा चेहऱ्यानं बघत होता.

"पासपोर्ट कुठं आहे, ते तुला कळलंय?" शेवटी धनश्रीनं विचारलं.

"कळलंय असं वाटतंय. सर, सांगता की सांगू?"

पुढच्या सीटच्या वर सरांची नुसती मान दिसत होती आणि ती लाल झाली होती.

मग यशोधरानं सांगितलं. चिडूनच सांगितलं, कारण सकाळपासूनची सगळी चीड साठली होती. ज्याला तुला थांबवायचं असतं, त्यानं पासपोर्ट फेकला असता. पाकिटात पुस्तिका कशाला ठेवली असती? यांनी ठेवली, कारण तू वेळेवर निघायला हवी होतीस. काल यांचं व्याख्यान नव्हतंच, गठ्ठ्याची सुतळी सुटली नव्हती. काल अमावास्या लागायची होती, दिवस चांगला होता. हे तुझी वस्तू घेऊन तुझ्याआधी निघाले आणि तुझ्याच वाटेवर ठेवून आले. संगमनेरात ठेवली असती तर बभ्रा झाला असता, म्हणून राजूर. आज चहाच्या निमित्तानं उतरायचं, वस्तू घ्यायची, तुझ्या पाकिटात गुपचूप परत सरकवायची. सकाळपासून हे फोन लावतायत तो राजूरच्याच माणसाला.

"कसली वस्तू? कसलं निघाले?" धनश्री म्हणाली. आणि मग तिचा आवाज एकदम बदलला. "यशू, तू प्रस्थानाबद्दल बोलतेयस?"

यशोधरानं मान डोलावली.

"हे? यांनी?"

धनश्री पुढं वाकली. नवऱ्याच्या खांद्याला तिनं बोट लावलं, एकदाच, शाळेत बाई वर्गातल्या पोराला लावतात तसं. "बोला. हिनं सांगितलं ते खरं आहे?"

"रंभाजी शिंद्याकडं आहे," सर म्हणाले. आवाज वर्गातला नव्हता. "स्टँडजवळ त्याचं हॉटेल आहे. माझा विद्यार्थी."

गाडी राजूरच्या स्टँडजवळ थांबली. सर सगळ्यांच्या आधी उतरले, हॉटेलापाशी गेले आणि तसेच उभे राहिले.

हॉटेलला कुलूप होतं.

६

शेजारच्या पानवाल्यानं सांगितलं, की रंभाजी पहाटेच मेव्हण्याच्या गावाला गेलाय. वर डोंगरात, तिथं रेंज नसते. कधी येईल? येईल की. दुपारपर्यंत येतो म्हणाला होता. दुपार म्हणजे कधी, हे त्यानं सांगितलं नव्हतं.

यशोधराला रडावंसं वाटलं. गुन्हा उकलला होता, गुन्हेगार कबूल झाला होता, मुद्देमाल एका पत्र्याच्या दाराआड होता, आणि काहीच करता येत नव्हतं. तौफिक दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचा आणि मग तिच्याकडं बघायचा. तिनं कुलूप हातात घेऊन पाहिलं. जुनं होतं. नोकरीत असती तर तोडलं असतं, आणि मग पंचनामाही लिहिला असता.

धनश्री हॉटेलच्या पायरीवर बसली होती. सर तिच्यापासून चार हात लांब.

"माझी आई," ती म्हणाली, समोर बघत, "त्या दिवशी तिनं बांगडी ठेवली होती. माझी हिरवी बांगडी. तुम्ही ती भर अंगणात सगळ्यांना दाखवलीत. नंतर किती गावांत दाखवलीत? किती टाळ्या घेतल्यात?"

"धनश्री..."

"ती मरेपर्यंत तुमच्यासमोर यायला लाजायची. तिला वाटायचं, आपण अडाणी. आणि मी काही बोलले नाही, कारण मलाही वाटायचं तुमचंच बरोबर."

"माझंच बरोबर होतं," सर म्हणाले, आणि लगेच दोन्ही हातांनी तोंड झाकून बसले. हातांआडून आवाज आला, "अजूनही बरोबर आहे. तांदळाच्या पुरचुंडीनं काय होतंय? काही होत नाही. पण मी भ्यालो. बर्फाचा समुद्र, सगळा काळोख, लहानसं जहाज आणि त्यात तू. परवा रात्री मला वाटलं, काहीतरी करायला पाहिजे. मला दुसरं काही येत नव्हतं. तुझ्या आईची रीत तेवढी पाठ होती."

पाठ असणारच. वर्षानुवर्षं ते ती लोकांना सांगत आले होते.

पेट्रोलच्या वासाची एक जुनी मोटारसायकल येऊन थांबली. रंभाजी उतरला आणि गर्दी पाहून गोंधळला. "सर? लई येळ झाला का? मेव्हन्याकडं बैल बघायचा हुता." मग त्याची नजर यशोधराकडं गेली, ती उभी कशी राहते त्यावरून ही पोलिसातली हे त्यानं ओळखलं, आणि त्यानं हात जोडले. "म्याडम, सरांनी कुनाला बोलू नको म्हनून सांगितलं हुतं. म्या हातबी लावला न्हाई. बाबासायबांच्या फोटोमागं ठिवलंय. तिथं आमच्या घरात कुनी कायबी हलवत न्हाई."

यशोधराला हसू आलं, पण ते तिनं गिळलं. सगळ्या तालुक्याला मुहूर्त सोडा म्हणून सांगणाऱ्या माणसाचं प्रस्थान बाबासाहेबांच्या तसबिरीमागं सुखरूप होतं.

रंभाजीनं आणून दिलेली पुरचुंडी पांढऱ्या रुमालाची होती. धनश्रीनं ती हातात घेतली आणि गाठ सोडायला गेली, पण बोटं तिथंच थांबली.

"ही गाठ," ती म्हणाली. "ही आईची गाठ आहे. दुहेरी, आणि टोक आत खोचलेलं."

आत पासपोर्ट होता. त्यावर मूठभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, आणि एक हिरवी बांगडी. नवी होती. काचेची. तिच्यावर दुकानाची किंमत चिकटवलेली चिठ्ठी तशीच होती, सरांच्या लक्षात आलं नसणार.

धनश्रीनं पासपोर्ट पाकिटात ठेवला, पाकीट गळ्यात घातलं आणि पुरचुंडी होती तशी परत बांधली. "तुम्ही एसटीनं जा," ती नवऱ्याला म्हणाली. "मी बोलणार नाही आता. मला राग आलाय आणि तो चांगला आलाय. आत्ता ओरडले तर घाटात उलटी होईल, म्हणून सांभाळून ठेवतेय."

गाडी निघाली. मागच्या काचेतून यशोधराला सर दिसले. ते हॉटेलच्या पायरीवर उभे होते, हात वर करायचा की नाही हे न ठरवता आलेल्या माणसासारखे.

७

विमान मिळालं. जहाजही मिळालं. उजेड मात्र मिळेना.

एकामागून एक संध्याकाळी ढग. कप्तान कर्ण्यावरून बोलायचा, पण तो जेवणाची वेळ सांगायला आणि उद्या रबरी बोटीतून कुठं उतरायचं ते सांगायला. यशोधराचं नाक गोठलं, ओठ फुटले. जेवणात रोज मासा होता आणि त्यात तिखट औषधालाही नव्हतं. "याच्यासाठी मी राजूरच्या पायरीवर जीव टांगून घेतला?" असं ती दिवसातून दोनदा म्हणायची. जहाजानं दिलेल्या जाड लाल कोटाच्या खिशात धनश्रीचा एक हात सतत असायचा, आणि त्या खिशात पुरचुंडी होती. नवऱ्याचे फोन ती घेत नव्हती.

मग एका संध्याकाळी, ताटं वाढली जात असतानाच, कर्णा वाजला. सगळे जेवण टाकून पळाले. डेकवर अंधार होता, पाणी काळं होतं आणि वर आकाशात एक फिकट पट्टा हलत होता. धुरासारखा. यशोधराला आधी ढगच वाटला.

"हा?" ती म्हणाली. "हिरवा कुठाय?"

"फोन धर वर," धनश्री म्हणाली. फोनमध्ये तो खरोखर हिरवा होता, धनश्रीच्या खडूइतका. डोळ्यांनी पाहिलं की पुन्हा राखाडी. यशोधरा चरफडली. एवढी वणवण करून शेवटी फोनमध्येच बघायचं! पण हळूहळू डोळे सरावले, पट्टा रुंद झाला, त्याच्या कडेला हिरवट झाक आली आणि मग तो सगळाच्या सगळा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सळसळत गेला. तेव्हा मात्र तिनं फोन खिशात टाकला. शेजारी धनश्री रडत होती. पोरांनी विचारलं तर आता "हो" म्हणता येणार होतं, आणि विचारणारी पोरं मोठी होऊन पांगली होती.

आत आल्यावर धनश्रीचा फोन वाजला. सृष्टीनं निरोप बोलून पाठवला होता. धनश्रीनं तो यशोधरालाही ऐकवला.

"आई, आज बाबांचं पुन्हा कॉलेजात व्याख्यान होतं. त्यांनी पुरचुंडीची गोष्ट सांगितली. दोन्ही पुरचुंड्यांची. आजीचीसुद्धा आणि राजूरचीसुद्धा, स्वतःचं नाव घेऊन. म्हणाले, पुरचुंडीनं काही होत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आजही आहे. पण भिणाऱ्या माणसाला हसायचं नसतं, हे मला माहीत नव्हतं. आई, त्या जागेवर नेहमी सगळे हसतात ना? आज कुणीच हसलं नाही. बाबा नुसते उभे होते. मग मीच पाणी नेऊन दिलं."

धनश्रीनं खिशातून पुरचुंडी काढली, सोडली, आणि हिरवी बांगडी काढून मनगटात चढवायला लागली. लोकरी बाहीमुळे ती जाईना. तिनं बाही वर सारली, बांगडी चढवली आणि किमतीची चिठ्ठी नखानं खरवडून काढली.

"कुणीच हसलं नाही म्हणे," ती म्हणाली. "बावळट आहेत सगळे. मी असते तर हसले असते."

आणि ती हसायला लागली. राजूरनंतर पहिल्यांदाच, आणि इतकी मोठ्यानं, की जेवणाच्या दालनातली सगळी माणसं वळून बघायला लागली. यशोधरानं तिला सावरलं नाही. ती तिच्या शेजारी बसून थंड झालेला बिनतिखटाचा मासा खात राहिली, आणि धनश्रीनं हसता हसताच नवऱ्याला फोन लावला.